प्रतिकृती विमानांची एंजिने : हाताळणीतील सुरक्षितता

छंद, शिक्षण किंवा स्पर्धा यांसाठी उडवल्या जाणाऱ्या लहान विमानांची अंतर्ज्वलन एंजिने सुरू करताना, जुळवताना व बंद करताना पाळावयाची दक्षता. ही एंजिने बहुधा एकाच सिलिंडरची, द्विधाव (टू-स्ट्रोक) व हवेने थंड होणारी असतात. ०.८ ते १० घ. सेंमी. क्षमतेची एंजिने सर्रास वापरात आहेत. त्याहून मोठी पेट्रोल एंजिनेही मिळतात. पुण्यात ती मुख्यतः एन.सी.सी.च्या हवाई शाखेचे छात्र, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे संघ आणि हौशी मंडळी यांच्याकडे आढळतात. विमान बांधण्याची व उडवण्याची माहिती अन्यत्र विपुल असल्याने येथे पुण्यातील परिस्थिती समोर ठेवून फक्त एंजिन आणि त्याच्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) विचार केला आहे.

प्रज्वलनाच्या पद्धती : इंधन पेटवण्याची रीत बदलत गेली तसे धोक्याचे स्वरूपही बदलले, म्हणून हा इतिहास येथे प्रस्तुत ठरतो. जॉन स्ट्रिंगफेलो यांनी १८४८ मध्ये इंग्लंडमधील चार्ड येथे वाफेवर चालणारी प्रतिकृती उडवली असे सांगतात. ते उड्डाण खरोखर स्वबळावर झाले की उतरत्या तारेवरून मिळालेल्या वेगामुळे, याविषयी मतभेद आहेत. पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांच्या मोठ्या विमानाची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती जून १९०१ मध्ये मनुष्याविना उडाली. हौशी मंडळींच्या हाती असे एंजिन यायला आणखी तीन दशके लागली. अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी तयार केलेले सुमारे १० घ. सेंमी.चे एंजिन वापरून मॅक्सवेल बॅसेट यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी स्पर्धा जिंकल्या. तोवर रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना हे प्रतिस्पर्धी इतके भारी पडले, की त्यांच्यासाठी वेगळा गट करावा लागला. या एंजिनांत ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर व बॅटरी लागे. ठिणगीची वेळ बदलण्याचा दांडा पंख्यालगत असे, त्यामुळे हात तेथे न्यावाच लागे. ठिणगी फार आगाऊ ठेवली तर एंजिन उलटा झटका देई.

पुढचा टप्पा दाबाने पेट घेणाऱ्या, म्हणजे छंदाच्या परिभाषेतील ‘डिझेल’ एंजिनांचा. त्याचे मूळ काही लेखक १९२०च्या दशकाअखेरच्या स्विस पेटंटात शोधतात. विक्रीसाठीचे उत्पादन मात्र १९४०च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले व युद्धानंतर ब्रिटनमध्ये फोफावले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मोठ्या डिझेल एंजिनाप्रमाणे येथे इंधन पिचकारीने सोडले जात नाही. ते हवेत मिसळूनच आत येते आणि मिश्रणातील ईथरामुळे दाबाखाली पेटते. दाब कमीजास्त करण्यासाठी सिलिंडरच्या माथ्यावर स्क्रू असतो. भारतात कोलकात्याला तयार झालेली या जातीची लहान एंजिने अनेकांच्या परिचयाची आहेत.

तिसरी पद्धत ग्लो प्लगची. १९४७च्या सुमारास रे आर्डेन यांनी ती अमेरिकेच्या बाजारात आणली. तिचा शोध सर्वस्वी त्यांचा म्हणावा का, हा प्रश्न उरतो. तापलेल्या नळीने इंधन पेटवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातील स्थिर एंजिनांत होतीच, आणि मिथेनॉलवर चालणारे तापलेले एंजिन ठिणगी तोडल्यावरही काही वेळ फिरत राहते, हेही अनुभवाचे आहे. आर्डेन यांचे श्रेय ही गोष्ट टिकाऊ व विकण्याजोगी करण्यात आहे, असे म्हणणे पुरेसे व्हावे. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे आरंभी सुमारे दीड व्होल्टच्या सेलने लाल केले जाते; नंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवर प्लॅटिनमची उत्प्रेरकी क्रिया यांमुळे ते तापलेले राहते. सुरक्षिततेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सेल काढल्याने चालू एंजिन थांबत नाही. ते थांबवायचे तर इंधन किंवा हवा तोडावी लागते. म्हणून थ्रॉटल (एंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) पूर्ण मिटेल अशी जुळणी आधीच करून घेतात. तशी सोय नसेल तर इंधनाची नळी चिमटतात. पंख्यात फडके किंवा काठी घालून एंजिन थांबवणे घातक आहे.

पंखा : इजा करतो तो प्रामुख्याने पंखा. ६.५ घ. सेंमी.च्या एंजिनावर नेहमी बसवला जाणारा १० इंची (२५.४ सेंमी.) पंखा मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १६० मी., म्हणजे ताशी ५७५ किमी.च्या आसपास येतो. दोन पात्यांचा असा पंखा एकाच जागेवरून सेकंदाला ४०० वेळा जातो. परिणामी तो डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि बोट आत गेल्यावर मागे घ्यायला अवधीच मिळत नाही. टोके पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने रंगवली की निदान त्यांचे गोल कडे तरी दिसते.

दुसरा धोका पाते तुटण्याचा. याच वेगाला अक्षापासून १० सेंमी. अंतरावरील २ ग्रॅमचा तुकडा बाहेरच्या दिशेला जवळपास ३२ किग्रॅ. भाराइतका ओढला जात असतो. तो सुटला तर पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत फेकला जातो. त्यामुळे एंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत, म्हणजे विमानाच्या दोन्ही बाजूंना, कोणी उभे राहू नये. पाहणाऱ्यांनी विमानाच्या पंखांच्या मागे राहावे. जमिनीवर आपटलेला, टवका उडालेला किंवा चीर गेलेला पंखा चिकटवून वापरू नये, तोडून टाकावा. तोडून एवढ्यासाठी, की कचऱ्यातून तो पुन्हा कोणाच्या तरी पेटीत पोचतो. पंख्याचा समतोल बिघडला तर नट ढिला होतो. एंजिनाच्या उलट्या झटक्यानेही नट सुटून अख्खा पंखा पुढे उडालेला आहे, म्हणून स्पिनर (पंख्याच्या मध्यावरील टोपी) व नट प्रत्येक सत्राआधी आवळून पाहतात.

सुरू करणे व जुळवणी : बोटाने पंखा झटकण्याची जुनी सवय अजून टिकून आहे, विशेषतः लहान डिझेल एंजिनांवर. रबर चढवलेली काठी किंवा विजेचा स्टार्टर वापरणे केव्हाही बरे. मात्र सिलिंडरात इंधन तुंबले असताना स्टार्टर लावला तर द्रव दाबला जात नसल्याने जोडदांडा वाकतो. अशा वेळी प्लग काढून इंधन बाहेर काढावे. डिझेलात पंखा अडतो आहे असे जाणवले तर माथ्याचा स्क्रू आधी सैल करतात.

बहुतेक मार्गदर्शिकांचा भर सुरू करण्याच्या क्षणावर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा कसोटीचा काळ त्यानंतरचा, म्हणजे एंजिन चालू असताना प्लगला सेल जोडणारी क्लिप काढण्याचा व नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) फिरवण्याचा आहे. हात पुढून, पंख्यावरून नेला जातो तो तेव्हाच. दोन्ही कामे पंख्यामागे जाऊन करावीत. अलीकडच्या अनेक एंजिनांत नीडल कार्ब्युरेटरवरून हलवून मागच्या झाकणापाशी बसवलेली असते, त्याचे कारण हेच. पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मी. असून हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी राहतो. त्यामुळे मुंबईत जुळवलेली नीडल येथे किंचित मिटवावी लागते. ती जास्त मिटली तर मिश्रण विरळ (इंधन कमी) होऊन एंजिन तापते, थांबते, आणि घाईत पुन्हा सुरू करण्याचा फेरा लागतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी आणि ट्रान्समीटरचा (हातातील नियंत्रकाचा) पट्टा यांपैकी काहीही पंख्याच्या आवाक्यात लोंबू नये. विमान धरायला दुसरा माणूस हवा; तो नसेल तर शेपटीकडून खुंटीला बांधावे. आधी ट्रान्समीटर चालू करून थ्रॉटल मिटलेला असल्याची खात्री करायची आणि मगच विमानातील रिसीव्हर. बंद करताना क्रम उलटा.

मुरमाच्या मैदानावर, आणि पुण्याभोवती तसलीच मैदाने जास्त, पंखा खडे उचलून मागे फेकतो. तेथे जाड चटई किंवा फळी अंथरून एंजिन चालवतात व डोळ्यांना चष्मा लावतात.

इंधने : ग्लो इंधनात मिथेनॉल मुख्य असते, त्यात सुमारे पाचव्या हिश्शाएवढे तेल आणि गरजेनुसार जोर वाढवणारे नायट्रोमिथेन. एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळते, त्यामुळे वंगण म्हणून ते अजूनही पसंत केले जाते. मिथेनॉलचा प्रज्वलनांक सुमारे ११° से. आहे, म्हणजे पुण्यातल्या थंडीतल्या दुपारीही त्याची वाफ पेटू शकते. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. नुसत्या नजरेला आग नाही असे वाटले तरी उष्णतेने हवा थरथरताना दिसली की समजावे. मिथेनॉल पाण्यात मिसळते, म्हणून पुरेशा पाण्याने ती आग विझते. डिझेल इंधनातील ईथर व रॉकेल यांना हे लागू नाही, तेथे वाळू किंवा कोरड्या पावडरचे साधन लागते. मिथेनॉल पोटात गेले तर १० मिलि. इतक्या थोड्या प्रमाणातही दृष्टी जाऊ शकते. ते त्वचेतूनही शोषले जाते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते भरण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी. चुकून प्यायले गेले तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण पहिले काही तास रुग्ण बरा वाटतो.

ईथर ३४.६° से. तापमानाला उकळते आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा त्याच्या वर असतो. उन्हात ठेवलेला डिझेल इंधनाचा डबा त्यामुळे फुगतो व उघडताना फवारा मारतो. त्या वाफा हवेपेक्षा जड असून जमिनीलगत दूरवर पसरतात. डबा सावलीत, शक्य तर ओल्या पोत्याखाली ठेवतात. वसतिगृहाची खोली किंवा बंद कार्यशाळा एंजिन चालवण्यास योग्य नाही.

विद्युत मोटर : विजेवरच्या मोटरीला गरम भाग व इंधन नसल्याने ती निर्धोक समजली जाते, पण बॅटरी जोडल्या क्षणी ती फिरू शकते आणि बोटाला अडकली तर थांबण्याऐवजी अधिक जोर लावते. घरी जुळणी करताना पंखा काढून ठेवणे हा नियम आहे. लिथियम पॉलिमर सेल चार्ज करताना सेलमागे ४.२ व्होल्टची मर्यादा ओलांडू नये.

जागा व नियम : पुण्याच्या आकाशाच्या मर्यादा ठळक आहेत. लोहगाव येथे हवाई दलाचा तळ व नागरी विमानतळ एकत्र आहेत, खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि हडपसरजवळ ग्लायडिंग केंद्र. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किग्रॅ.पर्यंतच्या प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमी.च्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किमी. या पट्ट्यात मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत असते. विमाननगर, खराडी, येरवडा हे भाग त्यामुळे आपोआप वगळले जातात. जमिनीवर बांधून एंजिन चालवण्याला हे बंधन नाही. तेथे प्रश्न मुख्यतः आवाजाचा व शेजाऱ्यांचा असतो, आणि सायलेन्सर न लावलेले एंजिन सोसायटीच्या गच्चीवर चालवणाऱ्यांना तो लवकरच कळतो.