आईच अजून वाढत असेल तर...

‘सोळा-सतराव्या वर्षी हाडं मऊ असतात, बाळंतपण सोपं जातं, बाळही गुटगुटीत होतं.’ लग्नसराईत हे ज्ञान अजून ऐकू येतं. पुरावा म्हणून कुणाची तरी पणजी असतेच, सोळाव्या वर्षी बाळंत झालेली आणि नव्वदीपर्यंत जगलेली. ज्या पणज्या त्या बाळंतपणातच गेल्या, त्यांचे दाखले द्यायला पणतवंडंच नाहीत.

जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कमी वजनाचं. (काट्यावर २४४० दिसलं तरी ‘अडीच किलो’ लिहून टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. नोंदींचा आलेख काढला की नेमक्या २५०० वर बाळांचा ढीग दिसतो.) विशीच्या आतल्या आयांना अशी बाळं जास्त होतात. पण यात वयाचा वाटा किती? पहिलटकरणीचं बाळ तसंही पुढच्या भावंडांपेक्षा शंभरेक ग्रॅमनं हलकं असतं, आणि या मुली बहुतेक पहिलटकरणीच. त्यात गरिबी, रक्तक्षय, दिवस भरत आले तरी न सुटणारी कामं. म्हणून पुष्कळ वर्षं डॉक्टरांनाही वाटे की दोष परिस्थितीचा, वय फक्त सोबतीला.

गोम आहे ती वाढीत. पाळी आली म्हणजे मुलीची वाढ पुरी झाली, हा गैरसमज. त्यानंतरही उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते, आणि कटीची हाडं तर त्याहून उशिरापर्यंत रुंदावत राहतात. मग गरोदरपणात ही वाढ थांबते का? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात थेरेसा शोल आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. अडचण अशी की पोट पुढे आलं की पाठीला बाक येतो, मणके दबतात आणि उंची उलट किंचित कमीच भरते. मुलगी वाढत असली तरी भिंतीवरच्या पट्टीला पत्ता लागत नाही. म्हणून त्यांनी टाच ते गुडघा एवढंच अंतर खास उपकरणानं पुन्हा पुन्हा मोजलं. बऱ्याच मुली गरोदरपणातही वाढत होत्या! त्यांचं स्वतःचं वजन चांगलं वाढलं, चरबी साठली, पण त्यांची बाळं मात्र वाढ पुरी झालेल्या आयांच्या बाळांपेक्षा सुमारे १५० ग्रॅमनं हलकी निघाली.

खाल्लेलं मग जातं कुठे? याचं सगळ्यात सुंदर उत्तर स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांनी दिलं. ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत जॅकलिन वॉलेस यांनी नुकत्या वयात आलेल्या मेंढ्यांच्या पोटात प्रत्येकी एकच गर्भ रुजवला, तोही एकाच नराचा, म्हणजे आनुवंशिकतेचा गोंधळ नको. काहींना बेताचा खुराक, काहींना पोट फुटेस्तोवर. भरपूर खाणाऱ्या मेंढ्या झपाट्यानं वाढल्या आणि त्यांचीच कोकरं लक्षणीय हलकी जन्मली. कारण वार, म्हणजे गर्भाला आईच्या रक्तातून पोसणारा अवयव (प्लासेंटा), खुजी राहिली. जास्त खुराकानं आईच्या रक्तात इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही वाढीची संप्रेरकं चढतात. ती आईच्याच स्नायूंना आणि चरबीला ‘घ्या, साठवा’ सांगतात. उलट गर्भ टिकवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, घटतं. गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह गरोदरपणाच्या मध्यावरच रोडावलेला दिसतो, आणि तेव्हा गर्भाच्या वजनात अजून फरकही पडलेला नसतो. म्हणजे गर्भ आधी अडत नाही, त्याच्याकडे जाणारा रस्ताच अरुंद बांधला जातो. नंतर कितीही माल आला तरी तो पोचायचा त्याच रस्त्यानं. या मेंढ्यांना चीकसुद्धा (व्यायल्यावरचं पहिलं दूध) कमी येतो.

हे वाचून कुणी घरातल्या गरोदर पोरीचं ताट आखडतं करू नये, हात जोडून सांगतो. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, अडेल’ म्हणून उपाशी ठेवणाऱ्या सासवा आहेतच, त्यांना मेंढ्यांचा आधार नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास केला, त्यातल्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं आणि बाळांचं सुमारे २.७ किलो. आपल्याकडे खाण्याची उधळण कुठे आहे? तिथे पालेभाज्या आणि फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं वजनानं बरी निघाली, अंगमेहनत फार करणाऱ्यांची हलकी. हजारो रुपयांच्या ‘गर्भपोषक’ पावडरींना यात कुठेच जागा नाही. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी कोयता हाती घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलीवर तर दोन्ही ओझी एकदम पडतात: तिचं शरीर अजून वाढतंय आणि ताटात काही नाही.

पस्तिशीनंतरचं काय, हे शहरातल्या वाचक विचारतीलच. तिथे वाढीची स्पर्धा नसते, पण रक्तदाब आणि मधुमेह जास्त आढळतात. रक्तदाबानं वारेचा रक्तपुरवठा घटून बाळ लहान राहू शकतं. मधुमेहात साखर आटोक्यात नसेल तर उलट चार किलोच्या वर जातं. त्यामुळे सरासरी वजन ठीकठाक दिसतं आणि दोन्ही टोकांची बाळं त्या सरासरीत लपून जातात. पस्तिसाव्या वाढदिवशी काही एकदम बिघडत नाही. नियमित तपासणी, साखर आणि रक्तदाब सांभाळले तर बहुतेक बाळं नीट वजनाचीच होतात.