फास्ट लेन्सच्या खोडी: झाडीपट्टीतल्या रात्रींची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया (गावजत्रा) भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत रात्रभर नाटके चालतात आणि त्यांचे फोटो काढणाऱ्याची पहिली अडचण उजेडाची असते. साध्या झूम लेन्सवर एफ/५.६ ला (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे) जिथे १/८ सेकंद लागतो, तिथे एफ/१.४ ची लेन्स सोळापट प्रकाश आत घेऊन तेच काम १/१२५ सेकंदात करते आणि नाचणाऱ्या नटीचे हात धूसर होत नाहीत. मात्र अशी जास्त प्रकाश घेणारी, म्हणजे ‘फास्ट’, लेन्स आपल्या खोडी बरोबर घेऊनच येते, आणि त्या फार जुन्या आहेत.

१८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी सुमारे एफ/३.६ चे पोर्ट्रेट भिंग गणिताने आखले आणि भिंगे बनवणाऱ्या फोइग्टलेंडरने ते घडवले. माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसवण्याची गरज त्यामुळे संपली. पण चित्र मधोमध रेखीव आणि कडांना भोवऱ्यासारखे फिरलेले येई. (त्याच भोवऱ्यासाठी आज हौशी लोक वेगळे पैसे मोजतात.) १९२४ मध्ये लुडविग बेर्टेले यांच्या एर्नोस्टार लेन्सने एफ/२ गाठले आणि जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोन दिव्यांच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, राजकीय बैठकांचे फोटो काढू लागले. काचा वाढल्या की प्रत्येक पृष्ठभागावरून परावर्तित होणारा थोडा थोडा प्रकाश चित्रावर पसरून ते फिकट करतो. यावर उतारा १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधलेल्या, काचेवर चढवायच्या लेपाने मिळाला.

मूळ दोष मात्र काचेच्या गोलाईतच आहे. गोल पृष्ठभागाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात, म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना चेहऱ्यावर दुधट झाक येते, आणि फोकस करून मग अ‍ॅपर्चर लहान केले तर फोकस किंचित मागे सरकतो. १९६१ च्या कॅननच्या एफ/०.९५ लेन्सची ही झाक प्रसिद्धच आहे. कोपऱ्यातल्या दिव्यांना पंख फुटण्याच्या दोषावर निकॉनने १९७७ च्या ५८ मिमी एफ/१.२ नॉक्ट लेन्समध्ये गोल नसलेल्या पृष्ठभागाची काच वापरली. माझ्या स्वस्त लेन्समध्ये ती सोय नसल्याने मांडवाच्या कडेची बल्बांची माळ अजूनही उडत्या बगळ्यांच्या रांगेसारखी दिसते.

सर्वांत जास्त चकवते ती फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरातले रेखीव दिसते तेवढा पट्टा. रंगपटात मीटरभर अंतरावरून ५० मिमी लेन्सने एफ/१.४ वर फोटो काढला तर ही खोली जेमतेम तीन सेंटिमीटर भरते, आणि गेल्या हंगामात वडसा येथील एका नाटकाच्या नायिकेची नथ मोत्यामोत्यासकट रेखीव आली, डोळे मात्र विरघळले. तेव्हापासून मी आधी एफ/२ लावतो, त्याच अ‍ॅपर्चरवर जवळच्या डोळ्याच्या पापणीवर फोकस साधतो आणि नटी आरशात पाहून काजळ घालताना श्वास रोखते तेवढ्यात बटण दाबतो.