चोकच्या ठासणीतून गोल गोळी

तोंडाशी आवळलेल्या नळीच्या ठासणीच्या बंदुकीत छऱ्यांऐवजी शिशाची एकच गोल गोळी भरून बार काढण्याची रीत. या आवळण्याला चोक म्हणतात. ठासणीत गोळी ज्या तोंडाने आत जाते त्याच तोंडाने बाहेर येते, आणि चोक असेल तर हे तोंड मधल्या नळीपेक्षा अरुंद असते. या रीतीतल्या साऱ्या अडचणी आणि सारी खबरदारी या एका गोष्टीतून निघतात.

बंदुकीवर कोरलेला ‘१२ बोअर’ हा आकडा मिलिमीटरही सांगत नाही आणि इंचही. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या की त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअरची. अशी गोळी ३७.८ ग्रॅमची आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. याच हिशेबाने १६ बोअरची नळी १६.८ मिलिमीटरची, तर २० बोअरची १५.६ मिलिमीटरची होते. नाशिकच्या वाचकाला हे माप डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. निर्यातीचा माल धरताना निफाड-दिंडोरीचा बागाईतदार ज्या १८ मिलिमीटरच्या द्राक्षमण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो, जवळपास तेवढीच ही गोळी. मणी मोजायला तो गोल छिद्रांची मापपट्टी वापरतो: छिद्रातून मणी निसटला तर लहान, अडकला तर पास. चोकच्या ठासणीत नळीचे तोंडच मापपट्टी होते, फक्त न्याय उलटा लागतो. अडकली ती गोळी बाद.

चोक आला तो छऱ्यांसाठी. सरळ नळीतून सुटलेले छर्रे लवकर पांगतात. तोंड किंचित आवळले की घोळका जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतो. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. आर. पेप यांनी १८६६ साली याचे पेटंट घेतले, अमेरिकेत फ्रेड किंबल या बदकांच्या शिकाऱ्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते आणि १८७० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी तो सर्वत्र नेला. बारा बोअरमध्ये फुल चोक म्हणजे साधारण १ मिलिमीटरची आवळ, हाफ चोक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात सत्तर टक्के छर्रे पडले तर फुल चोक, ही रूढ कसोटी. याच काळात बुडातून काडतूस भरायच्या बंदुका पसरत होत्या, त्यामुळे जुन्या ठासण्यांच्या नळ्या बहुतेक सरळच सापडतात. दारूवर बसवायच्या नळीभर रुंदीच्या चकत्या अरुंद तोंडातून कोंबणे हा रोजचा त्रास कोण घेणार? चोक असलेली ठासणी मुख्यतः हल्लीच्या प्रतिकृतींत दिसते. त्यांपैकी काहींत चोक आट्यांचा असतो आणि काढता येतो. तिसरा एक प्रकार आहे: तोंडाजवळ, थोडे आत, नळी कोरून रुंद केलेली असते आणि अगदी तोंडाशी ती पुन्हा मूळ मापाची होते. अशा नळीत गोळी पूर्ण मापाची चालते, पण बाहेर पडताना त्या पोकळ टप्प्यात तिचा आधार सुटतो.

आता हिशेब करू. बारा बोअरची नळी १८.५ मिलिमीटर, फुल चोकचे तोंड १७.५. गोळीभोवती कापड येते, त्याची जाडी वजा केली की गोळी जेमतेम १७ मिलिमीटरची घेता येते. तिचे वजन सुमारे २९ ग्रॅम. दीड मिलिमीटर व्यास कमी झाला आणि जवळजवळ पावभाग शिसे गेले. गोलाचे वजन व्यासाच्या घनावर चालते, त्याचा हा परिणाम. शिवाय तोंडातून आत शिरल्यावर ही गोळी नळीत सैल पडते. जुन्या तोफांनाही ही फट चुकली नव्हती. देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशिककराला तोफेचा आवाज परका नाही, पण पूर्वीच्या तोफेचा गोळा मुद्दाम नळीपेक्षा लहान ओतत आणि बाजूच्या फटीतून दारूचा बराच जोर वाया जाई, हे क्वचितच कोणी सांगते.

लोकांना धास्ती असते ती गोळी चोकमध्ये अडकून नळी फाटण्याची. काडतुसाच्या बंदुकीत ती खरी आहे: तिथे गोळी रुंद बुडाकडून येते, मोठी असली तर अरुंद तोंडावर धडकते, नळी फुगते किंवा फाटते. ठासणीत जी गोळी तोंडातून जबरदस्तीशिवाय आत गेली ती त्याच तोंडातून बाहेर येणारच. इथे धोका उलट बाजूला आहे. सैल गोळी दारूवरून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर बार होताना गोळी आडथळ्यासारखी वागते आणि त्या जागी नळी कड्यासारखी फुगते किंवा फुटते. बंदूक तोंड खाली करून नेली तरी हे घडू शकते. दुनळीत तर हमखास घडण्याजोगे: एका नळीचा बार झाला की त्या धक्क्याने दुसरीतली गोळी हलते. म्हणून बार ठासायच्या गजावर दोन खुणा कोरलेल्या असाव्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. पहिला बार झाल्यावर त्या नळीत पुन्हा भरण्याआधी दुसऱ्या नळीच्या कानावरची, बार पेटवणारी टोपी काढायची, गज आत सोडायचा आणि भरलेली खूण नळीच्या काठाशी आहे का ते बघायचे. या तपासणीला पाच सेकंद लागतात. ती टाळणाऱ्या माणसाशेजारी उभे राहू नये.

भरण्याची क्रिया हाताने शिकायची आहे. दारूवर आधी जाड पुठ्ठ्याची चकती जाते. ती नळीच्या मापाची असल्याने तोंडातून सपाट शिरत नाही. कडेवर तिरकी करून घालतात आणि आत गेल्यावर गजाने आडवी बसवतात. मग मेण-चरबी लावलेला मांजरपाटाचा तुकडा तोंडावर, त्यावर गोळी. कापड सुतीच हवे, नायलॉन-टेरिकॉट वितळून नळीला चिकटते. अंगठ्याने दाबताना कापड चोकमध्ये चांगलेच आवळते आणि दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेल्यावर गज हाताला एकदम हलका लागतो. हा हलकेपणा म्हणजे गोळी चोकच्या पलीकडे, सैल जागेत पोचल्याची खूण. तिथे हात थांबवायचा नाही, चकतीला टेकेपर्यंत जायचे. टेकल्यावर वरून आणखी एक चकती किंवा काथ्याचा घट्ट बोळा हवाच, कारण गोळीला जागेवर धरणारे आता दुसरे काही नाही. शिसे मऊ, शुद्ध असावे. मिश्रधातूची कडक गोळी या कामाची नाही.

नेम कितपत लागतो? चऱ्यांच्या, म्हणजे आत पीळदार खोबणी कोरलेल्या, नळीतून निघणारी गोळी स्वतःभोवती ठरावीक दिशेने फिरते, म्हणून सरळ जाते. गुळगुळीत नळीत तिला अशी गिरकी मिळत नाही. नळीच्या ज्या बाजूला ती घासते तशी ती वेडीवाकडी फिरते आणि वळते. अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स यांनी एका नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवून बार काढला, तेव्हा गोळी सुरुवातीला डावीकडे जाऊन पुढे उजवीकडे वळली. चोक यात काही सुधारत नाही. त्याचा उपयोग घोळक्याला आहे, एकट्या गोळीला नाही. त्यात छऱ्याच्या बंदुकीला मागची खाच नसते, तोंडावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, तेवढी असते. पंचवीस मीटरवर कागद लावून प्रत्येक नळीची गोळी कुठे पडते ते पाहावे. पन्नास मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांतही गुळगुळीत नळीच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या, बंदुकीचे लक्ष्य ५० मीटरवरच असते. चोक काढता येत असेल तर गोळीसाठी तो काढून मोकळ्या तोंडाची नळी करावी आणि गोळी नळीच्या मापाची घ्यावी, हे निःसंशय उत्तम. काढता येत नसेल तर तोंड व्हर्नियर कॅलिपरने मोजून मगच गोळीचा साचा घ्यावा. एकाच बंदुकीतून छर्रेही आणि नेमकी गोळीही ही जुनी हौस कर्नल फॉसबेरी यांनी १८८५ मध्ये वेगळ्या वाटेने पुरवली: नळीच्या तोंडाकडच्या थोड्या भागातच चऱ्या. ‘पॅराडॉक्स’ नावाने हॉलंड अँड हॉलंडने काढलेल्या या बंदुका हिंदुस्थानातल्या जंगलांत बऱ्याच फिरल्या. पण त्या काडतुसाच्या होत्या.

नाशिक जिल्ह्यात ठासणीचा संबंध येतो तो सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातल्या राखणीशी. भात-नागलीत रानडुकरे शिरतात आणि माळ्यावर रात्र काढावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, तर शहरात पोलीस आयुक्त देतात. बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गावठी, विनापरवाना ठासणी तर गुन्हा आहेच, आणि तिची नळी किती दाब सोसेल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर उरतो आणि तो चोकमध्ये आधी जाणवतो. पहिल्या बाराला सहज गेलेली गोळी पाचव्या बाराला तोंडातच अडते. अशा वेळी गज ठोकायचा नाही. ओल्या चिंधीने तोंड पुसायचे, किंवा गोळी मळसूत्री काढणीने बाहेर ओढायची. अर्ध्यावर अडकलेल्या गोळीवर बार काढणे म्हणजे नळी फोडणे. संध्याकाळी कोमट पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावावे. आट्यांचा चोक असेल तर तो काढून आटे वेगळे पुसावेत. इगतपुरी-पेठेच्या पावसाळ्यात ते एका रात्रीत गंजतात आणि मग चोक नळीलाच धरून बसतो.