छायाचित्रकारांचे दुसरे छंद : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

19 ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. 1839 साली याच तारखेला फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत सगळ्यांसाठी खुली झाली. मराठवाड्यात हा दिवस बहुधा श्रावणात येतो. लग्नसराई आटोपलेली असते आणि पुढचे मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर असतात, त्यामुळे तालुक्यातालुक्यांतल्या छायाचित्रकारांना एकत्र जमायला सवड मिळते. कॅमेऱ्याची पूजा होते, कुठे प्रदर्शन भरते, कुठे रक्तदान होते. नंतर चहाबरोबर ज्या गप्पा रंगतात त्यात लेन्सचा विषय लवकरच मागे पडतो. कुणी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, कुणाला पक्ष्यांचा नाद असतो, कुणी उन्हातान्हात बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, शोधत हिंडतो, तर कुणाच्या कपाटात जुने कॅमेरे आणि निजामी राजवटीतली हाली नाणी जपून ठेवलेली असतात.

हे सगळे वेळ घालवण्याचे उद्योग आहेत, असे बाहेरच्या माणसाला वाटू शकते. मला तसे वाटत नाही. आपल्या भागात कॅमेरा आला तो दुसरेच काही काम करणाऱ्या माणसांचा छंद म्हणून. कुणी चित्रकार होता, कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, कुणी शिकारी. पुढे कॅमेरा हाच पोटापाण्याचा धंदा झाला आणि ज्या कामांच्या कुशीत तो वाढला होता ती कामे छंद होऊन त्याच्याभोवती राहिली. आजच्या छायाचित्रकारांचे दुसरे छंद समजून घ्यायचे तर ही उलटापालट आधी पाहावी लागते.

सुरुवात अजिंठ्यापासून करावी लागते. 1844 साली मद्रासच्या लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर इथे आला. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या प्रती करायच्या, असे वर्षानुवर्षे चालणारे ते काम होते. 1850 च्या दशकात याच माणसाने कॅमेरा हाती घेतला. त्या काळची ओल्या काचेची रीत फार कष्टाची होती. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळायच्या आत धुऊन काढायची. थंड हवेच्या देशात जे काम दहा-पंधरा मिनिटे वाट पाहते, ते आपल्या वैशाखात किती वेळ थांबत असेल याचा अंदाज इथल्या माणसाला सहज येईल.

गिलने जोडचित्रे काढली. दोन डोळ्यांना दिसतात तशी किंचित वेगळी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून खास दुर्बिणीतून पाहिली की खांब पुढे आलेला आणि गाभारा आत गेलेला दिसतो. 1864 साली लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. मजकूर वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनचा होता. त्यातल्या एकाच्या नावातच वास्तुकला आणि निसर्गेतिहास शेजारी शेजारी आहेत, आणि ते उगाच नव्हते. गिल नावाजलेला शिकारी होता. दीडशेवर वाघ त्याने मारले असे सांगतात. त्यातला क्रौर्याचा भाग आज कुणालाही टोचेल. पण ज्या खोऱ्यात तो वाघामागे हिंडला त्याच खोऱ्याची वाट, पाणी आणि उजेड त्याला पाठ झाला होता, आणि ती ओळख छायाचित्रात उतरते हेही खरे. 1866 च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक रंगीत प्रती जळून गेल्या. कॅमेऱ्याने टिपलेले मात्र पुस्तकांतून आणि संग्रहांतून उरले. 1879 साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आपल्याकडे गिलचे नाव निघाले की त्याची इथली प्रेयसी पारो हिचीच गोष्ट सांगितली जाते. तिची 1856 सालची कबर अजिंठा गावात आहे आणि लोक ती आवर्जून दाखवतात. त्या गोष्टीखाली या माणसाचे काम झाकून गेले आहे, याचे मला फार वाईट वाटते.

गिल एकटा नव्हता. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी पेशाने डॉक्टर आणि कॅमेऱ्याचे नादी. भाऊ दाजींना शिलालेखांची ओढ होती. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या लेखांवर त्यांनी 1860 च्या दशकात अभ्यास प्रसिद्ध केला. लेणे, लेख, औषध आणि कॅमेरा हे सगळे त्या काळी एका घरात नांदत होते.

निजामाच्या राज्यात धंदेवाईक छायाचित्रण दिमाखात आणले ते लाला दीनदयाळ यांनी. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि 1874 च्या सुमारास हौस म्हणून कॅमेरा घेतला. दहा-बारा वर्षांत हौस एवढी वाढली की नोकरी सुटली, सिकंदराबादला स्टुडिओ निघाला आणि सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद यांची त्यांच्या स्टुडिओची छायाचित्रे पाहताना मला त्यांचा जुना पेशा सतत जाणवतो. इमारतीच्या उभ्या रेषा सरळ राहतात आणि चौकटीत कुठेतरी एखादा माणूस उभा असतो, त्याच्यावरून खांबाची उंची मोजता येते. नकाशे काढून तयार झालेला डोळा तिथे काम करत होता.

हीच सांगड पुढे पुराणवस्तू खात्यांत रुजली. पुरातत्त्व सर्वेक्षणातला हेन्री कझिन्स आराखडे काढत असे आणि फोटोही. निजामी मुलखातल्या प्राचीन अवशेषांची त्याची यादी 1900 साली छापली गेली. हैदराबाद संस्थानाने 1914 साली स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याचे रंगीत छायाचित्रण झाले. आपले दादासाहेब फाळकेही काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे होते. त्यांना जादूच्या खेळांचा नाद होता आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते प्रयोग करत. पडद्यावर माणूस अदृश्य करण्याची युक्ती ज्याला सुचली, त्याचा हात आधीच जादूत बसलेला होता.

गावोगावच्या स्टुडिओंचा काळ याच्या नंतरचा, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत कमी लिहिला गेलेला. बीड, परभणी, नांदेड, जालना, लातूर इथल्या बाजारपेठांत माडीवर किंवा गल्लीच्या टोकाला स्टुडिओ निघाले. पाटीवर ‘पेंटर व फोटोग्राफर’ असे दोन्ही शब्द असत, कारण माणूस एकच असे. मागचा पडदा तोच रंगवायचा : महालाचा जिना, कमळांचे तळे, दूरवर डोंगर. सिनेमाचे बोर्ड, गणपतीची आरास आणि दुकानाच्या पाट्याही त्याच हातच्या. फोटोतल्या शालूला आणि कुंकवाला रंग भरायचा तो काडीला कापूस गुंडाळून.

रिटचिंगचे काम तर चित्रकाराचेच. उतरत्या पाटावर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशाने उजेड वर फेकायचा आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे फिकट ठिपके भरत जायचे. देवीचे व्रण घालवणे हे त्यातले नेहमीचे काम होते. कितीतरी मुलींच्या स्थळांसाठी पाठवलेल्या फोटोंमागे असा एखादा वाकून बसलेला रिटचर आहे. हे काम करणाऱ्याचा हात रिकाम्या वेळी कागदाकडेच वळणार. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी सापडणारी पेन्सिलची रेखाटने, नाटकांचे रंगवलेले पडदे, रांगोळीतली व्यक्तिचित्रे हे सगळे त्याच सरावातून आले. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखा जगद्विख्यात छायाचित्रकार उतारवयात कॅमेरा जवळपास बाजूला ठेवून चित्रे काढत बसला, ही गोष्ट ऐकून म्हणूनच इथल्या कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याला नवल वाटणार नाही.

गाण्याच्या छंदाचे मूळ डार्करूममध्ये आहे, असे मी ठामपणे म्हणेन. तिथे डोळ्यांना लाल दिव्यापुरताच उजेड, हात डेव्हलपर आणि हायपो या फोटो धुण्याच्या द्रावणांत गुंतलेले. मोकळा राहतो तो फक्त कान. 1957 पासून विविध भारती होती, पुढे परभणीचे आकाशवाणी केंद्र आले. दाराबाहेर रेडिओ लावून आत प्रिंट धुणे ही सर्रास रीत होती. गाण्याच्या कडव्यांवर डेव्हलपरचा वेळ मोजणारे लोक मला भेटले आहेत. ज्या गावात सप्ताह बसतो आणि भजनाचे ठेके लहानपणापासून कानावर पडतात, तिथे असा माणूस तबल्याकडे किंवा हार्मोनियमकडे गेला तर आश्चर्य कसले? अमेरिकेतला अॅन्सेल अॅडम्स हा नामवंत छायाचित्रकार आधी पियानोवादक व्हायला निघालेला तरुण होता. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, असे तो सांगत असे. एका निगेटिव्हवरून प्रत्येक वेळी वेगळा प्रिंट काढणाऱ्याला हे लगेच पटते.

मग आहे चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नाहीत, म्हणजे कमाईही नाही. खेड्यातल्या बहुतेक छायाचित्रकारांची थोडीफार शेती असतेच. ते सोयाबीन-कापसाच्या मागे लागतात, कुणी केशर आंब्याची कलमे बांधतो. शेती हा छंद म्हणायचा की दुसरा धंदा, हे पावसावर ठरते. पण तिथे उभे राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना माळावरचे पक्षी दिसू लागतात हे नक्की.

पक्षिनिरीक्षणाला मराठवाड्यात खरी चालना मिळाली ती जायकवाडीने. पैठणजवळच्या या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 साली ते पूर्ण झाले. शंभरावर गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ते दुःख अजून ताजे असलेली घरे आहेत, आणि नाथसागराच्या, म्हणजे या धरणाच्या जलाशयाच्या, सौंदर्याबद्दल लिहिताना ते विसरता येत नाही. जलाशय सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा, पण काठाला उथळ. पाणी ओसरले की गाळपेऱ्याची, म्हणजे ओल्या गाळात पेरणी होते ती, जमीन उघडी पडते, आणि त्या चिखलात, दलदलीत हिवाळी पाहुणे उतरतात : हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, आणि नशीब असेल तर रोहितांचे थवे. 1986 साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली, ती दर जानेवारीत होते.

इथे एक बदल घडताना मी पाहिला आहे. लांब लेन्स घेऊन पहिल्यांदा येणारा छायाचित्रकार चांगला फोटो मिळाला की खूश होऊन जातो. दोन-तीन हिवाळे गेले की तो दुर्बीण आणि वही घेऊन येतो. तारीख, जागा, पाण्याची पातळी, पक्षी किती, बाजूला गाळपेऱ्यात काय पेरले आहे, हे सगळे लिहितो. फोटोसाठी पक्ष्याच्या फार जवळ जाणे तो स्वतःहून सोडतो आणि नव्यांनाही अडवतो. गिलच्या काळी शिकार आणि छायाचित्र एकाच माणसाच्या हातात होते. त्यातली रानाची ओळख उरली आणि बंदूक गळून पडली, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

बारवांचे तसेच. चारठाणा, धारासूर, होट्टल, औंढा इथल्या मंदिरांच्या फोटोंसाठी निघालेली माणसे वाटेत बारवांपाशी थांबू लागली. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव गोल, चक्राकार पायऱ्यांची. गावकऱ्यांनी गाळ काढल्यावर तिचा घाट पुन्हा दिसला. काही छायाचित्रकार आता टेप घेऊन मोजमापे करतात, शिल्पे ओळखायला शिकतात, श्रमदानाला जातात. कझिन्सचे काम सरकारी पगारावर होते, हे लोक स्वतःच्या पेट्रोलवर करतात.

शेवटचा छंद जुन्या वस्तू जमवण्याचा. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने गोळा केलेल्या वस्तूंतून संग्रहालय उभे राहिले, पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचे तसेच झाले. म्हणजे या मातीत संग्राहकांची परंपरा आहे. डिजिटल आल्यावर स्टुडिओ बंद पडले, फील्ड कॅमेरे, यशिका, आग्फाचे क्लिक थ्री अडगळीत गेले आणि त्यांचे नादी तयार झाले. कॅमेरे जमवणारे पुष्कळ आहेत. निगेटिव्ह जमवणारे फार थोडे, आणि माझी कळकळीची मागणी त्यांच्याकडे वळण्याची आहे. काचेच्या निगेटिव्ह धुऊन त्यांची काच तसबिरींना वापरली गेली, रोल फिल्म रद्दीबरोबर गेल्या. निजामी काळातले पोशाख, 1972 च्या दुष्काळातली माणसे, भूकंपापूर्वीच्या किल्लारीतली घरे यांच्या निगेटिव्ह कुणाकुणाच्या घरातल्या खोक्यात अजून असू शकतात. खोके मिळाले तर काचा एकमेकींवर आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीला वेगळे कागदी पाकीट करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. पाकिटावर स्टुडिओचे नाव, गाव आणि अंदाजे साल पेन्सिलीने लिहावे, मग एक प्रिंट काढून त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवावा आणि ओळखलेली नावे त्याच दिवशी पाकिटावर चढवावीत.