तिरप्या अक्षराचा अर्थ काय? : खुणा केलेल्या मजकुराची पार्श्वभूमी

१९८४ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी संगणकावर घ्यायचं काम सुरू झालं. अक्षरं टंकणं हा त्यातला सोपा भाग होता. सोपा म्हणजे कमी कष्टाचा नव्हे; त्यासाठी सुमारे १२० माणसं बसली होती आणि अक्षरांची संख्या ३५ कोटींच्या घरात होती. खरी अडचण तिरप्या टाइपाची होती. छापील कोशात ग्रंथाचं नाव तिरपं, परभाषेतला शब्द तिरपा, ‘जुना प्रयोग’ असं सांगणारा संक्षेपही तिरपाच. कुठलं तिरपं कशासाठी, हे वाचणाऱ्याला जागेवरून उमगतं. यंत्राला मात्र तिरपं ते सगळं सारखंच. ‘सोळाव्या शतकातली सगळी अवतरणं काढ’ असं त्याला सांगायचं, तर हे अवतरण, ही त्याची तारीख, हा त्याचा लेखक, हे आधी कुणीतरी नोंदवून ठेवायला हवं. तशी नोंद करत कोश उभा राहिला. १९८९ मध्ये त्याची २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली आणि १९९२ मध्ये तोच मजकूर सीडीवरही आला.

ही कल्पना कोशकारांची नव्हती. छापखान्यात हस्तलिखितावर खुणा करायची पद्धत जुनीच: हे शीर्षक, एवढ्या पॉइंटात, मधोमध. त्या पाहून कंपोझिटर खिळे जुळवायचा. संगणकावर जुळणी सुरू झाल्यावर या खुणा मजकुराच्या पोटातच शिरल्या, त्याही त्या-त्या यंत्राच्या आज्ञा बनून. यंत्र बदललं की मजकूर पुन्हा पहिल्यापासून साफ करायचा. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडा सरकारच्या मुद्रण कार्यालयातल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याचं रूप वेगवेगळं ठेवावं असं मांडलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधले ग्रंथसजावटकार स्टॅन्ली राइस हेही पुस्तकाच्या घटकांना सर्वसाधारण नावं द्यावीत असं सुचवत होते.

कल्पनेला हत्यार मिळालं ते १९६९ मध्ये, आयबीएममध्ये. चार्ल्स गोल्डफार्ब हे मूळचे वकील. त्यांच्याकडे वकिलांच्या कचेऱ्यांसाठी माहितीव्यवस्था उभारायचं काम होतं. मजकूर संपादित करणारा प्रोग्राम एक, शोधणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी तिन्ही प्रोग्रामांना कळतील अशा खुणा ठरवल्या. ‘इथे ठळक कर’ असं सांगायचंच नाही. ‘हे शीर्षक आहे’ एवढंच म्हणायचं. ठळक करायचं की सूचीत टाकायचं, ते ज्याचं त्याने पाहावं. या भाषेचं नाव जीएमएल. ही अक्षरं तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही आहेत, आणि तो योगायोग नव्हे.

तिचंच पुढे एसजीएमएल झालं. ऑक्टोबर १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ती आधी कुणी उचलली, हे पाहण्यासारखं आहे: अमेरिकेचं करखातं, अमेरिकेचं संरक्षण खातं. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं उडतं. त्याचं देखभालपुस्तक ज्यांवर लिहिलं गेलं ते संगणक तोवर भंगारात जातात. अशा ठिकाणी खुणा करण्याचा खर्च परवडतो. बाकीच्यांना तो जड वाटला. लिहिणाऱ्याला बटण दाबून अक्षर ठळक करता येत असताना ‘हे कशासाठी ठळक’ हे सांगण्याचा व्याप कोण करणार? कष्ट लिहिणाऱ्याचे आणि फायदा वर्षांनंतर दुसऱ्याच कुणाचा. मला वाटतं, या साऱ्या इतिहासाचं इंगित या हिशेबात आहे.

वेबने तोच हिशेब पुन्हा मांडून दाखवला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वेबपानं लिहायच्या एचटीएमएल या भाषेचे बरेचसे टॅग, म्हणजे खुणा, सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आधीपासून वापरात असलेल्या एसजीएमएलच्या संचातून घेतले: शीर्षकं, परिच्छेद, याद्या. म्हणजे मूळ पिंड रचनेचाच. पण दोन-चार वर्षांत लोकांनी पानं देखणी करायला तक्ते वापरले, रंग आणि टाइप सांगणारे टॅग आले आणि मजकूर परत रूपात बुडाला. डिसेंबर १९९६ मध्ये पानाचं रूप सांगणारी सीएसएस ही स्वतंत्र भाषा आली आणि सजावट वेगळी ठेवायला जागा झाली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल हे खुणांचं नवं मानक आलं ते एसजीएमएलला कात्री लावून. त्याच्या तीन संपादकांपैकी टिम ब्रे हे वॉटर्लू विद्यापीठात त्याच ऑक्सफर्डच्या कोशावर काम केलेले. एक्सएमएलची गंमत अशी, की टॅगांची नावं आपणच ठरवायची, आणि तीही युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीसकट कुठल्याही लिपीत. तेव्हा हेही चालतं:

<इशारा यंत्र="मोठे">झाकण उघडण्याआधी वीज बंद करा.</इशारा>

मोठं यंत्र घेतलेल्या ग्राहकाने माहिती मागितली की ही ओळ दिसेल, इतरांना दिसणार नाही. १९९९ च्या नोव्हेंबरात आलेल्या एक्सएसएलटीने हे रूपांतर नियमांत बांधलं: एकाच फाइलमधून छापील पुस्तक, वेबचं पान आणि मोबाइलवरची चार ओळींची सूचना.

तांत्रिक पुस्तिकांत याची पुढची पायरी आयबीएमनेच गाठली. २००१ मध्ये तिथे डिटा ही पद्धत पुढे आली आणि २००५ मध्ये ती ओएसिस या संस्थेचं मानक झाली. पुस्तक हा घटक मोडून ‘विषय’ हा घटक धरायचा, एकेक सूचना एकदाच लिहायची आणि इतर ठिकाणी तिचा फक्त पत्ता द्यायचा. मूळ सूचना सुधारली की पुढच्या प्रकाशनात सगळीकडे सुधारते. ऐकायला छान. मी अशा एका कामात होतो तेव्हा एका सूचनेत ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असे शब्द राहून गेले होते. पुस्तकात सगळं ठीक. तीच सूचना यंत्राच्या बोटभर पडद्यावर एकटी उमटली, तेव्हा वर आकृती नव्हती. बॅटरीचं चिन्ह होतं. त्यानंतर ‘वर’, ‘खाली’, ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द शोधून काढण्यात आमचे कित्येक दिवस गेले. तुकडा कुठेही बसवायचा तर भाषाही तशी लिहावी लागते, हे मानकाच्या पुस्तकात वाचून अंगवळणी पडत नाही.

याउलट जिथे खुणा मोजक्या आणि लाभ लगेच, तिथे गाडी आपोआप चालली. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आरएसएस आणली, म्हणजे संकेतस्थळावर नवं काय आलं याची वर्दी देणारी फाइल. तिच्यात शीर्षक, दुवा, थोडं वर्णन, बस्स. पुढे तिच्यात ध्वनिफाइल जोडायची सोय झाली आणि त्यावर पॉडकास्टची दुनिया उभी राहिली.

जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा वेबपानांवरच्या खुणांचा सामायिक शब्दसंग्रह काढला. कार्यक्रमाची तारीख, पुस्तकाचा लेखक, प्रश्न आणि त्याचं उत्तर, असं पानावर खुणेने सांगितलं की शोधाच्या यादीत ते उठून दिसे. या वेळी खुणा करायला आमिष होतं, म्हणून छोट्या प्रकाशकांनीही त्या केल्या. पण उत्तर यादीतच वाचायला मिळालं तर वाचक पानावर कशाला येईल, ही कुरबुरही तेव्हापासूनची. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं, की प्रश्नोत्तरांची ती खास मांडणी यापुढे नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरतीच दिसेल. बाकीच्यांच्या पानांवर त्यासाठी केलेल्या खुणा कुणाला न दिसता तशाच राहिल्या.