पार्श्वभूमी : डॉ. अँसन जोन्स आणि टेक्सासचे विलीनीकरण

मॅसॅच्युसेट्समध्ये १७९८ साली जन्मलेल्या जोन्स यांचा दवाखाना सुरुवातीला कुठेच धड चालला नाही. न्यूयॉर्क राज्य झाले, फिलाडेल्फिया झाले, व्हेनेझुएलाही करून झाले. मध्येच १८२७ साली ते रीतसर एम. डी. झाले, तरी हात रिकामेच. १८३३मध्ये ते टेक्सासमधल्या ब्राझोरियाला आले आणि तिथे मात्र त्यांचा जम बसला. ज्या लढाईने टेक्सास मेक्सिकोपासून सुटून स्वतंत्र प्रजासत्ताक झाले, त्या १८३६च्या सान जसिंटोच्या लढाईत ते सर्जन म्हणून होते. मग टेक्सासचे प्रतिनिधिगृह, वॉशिंग्टनमधली वकिलात, परराष्ट्र खाते अशा पायऱ्या चढत डिसेंबर १८४४मध्ये ते या प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रचारात त्यांनी एकही भाषण केले नव्हते, आणि टेक्सासने अमेरिकेत विलीन व्हावे की नाही यावर तोंड उघडले नव्हते.

जोन्स विलीनीकरणाच्या बाजूचे होते की विरोधातले, हा सगळा वाद याच मौनाचा आहे. मार्च १८४५मध्ये अमेरिकेने टेक्सासला सामावून घेण्याचा ठराव मंजूर केला. जनता उतावीळ झाली होती, पण जोन्स थांबले. ब्रिटन आणि फ्रान्सच्या प्रतिनिधींनी त्यांच्याकडून मुदत मागून घेतली होती : दुसऱ्या कुठल्याही देशात न जाण्याच्या अटीवर मेक्सिकोकडून टेक्सासच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळवून देतो, असे त्यांचे म्हणणे. मान्यता आलीही. जोन्स यांनी जूनमध्ये दोन्ही प्रस्ताव लोकांपुढे ठेवले. तोवर त्यांचे पुतळे जाळून झाले होते, सरकार उलथवण्याच्या धमक्याही आल्या होत्या. टेक्सासच्या सिनेटने मेक्सिकोचा तह एकमताने फेटाळला. ४ जुलैच्या परिषदेत विलीनीकरणाविरुद्ध अवघे एक मत पडले.

विरोधकांना ही चालढकल फितुरी वाटली. पण नऊ वर्षे ज्या देशाने टेक्सासला देश मानलेच नाही, त्याच्याकडून लेखी मान्यता मिळवणे आणि निवड लोकांवर सोडणे, याला फितुरी कशी म्हणायची? अमेरिकेचा हात वर राहू नये म्हणून दुसरे गिऱ्हाईक दारात उभे करण्याची ही जुनीच युक्ती. तिचे श्रेय आपले, असे जोन्स शेवटपर्यंत सांगत राहिले.

१९ फेब्रुवारी १८४६ रोजी ऑस्टिनमध्ये प्रजासत्ताक संपल्याची घोषणा त्यांनीच केली. आता आपल्याला अमेरिकेच्या सिनेटवर पाठवतील अशी त्यांची अपेक्षा होती. तेव्हा दोन्ही जागा इतरांना गेल्या. १८४९मध्ये घोड्यावरून पडून एक हात कायमचा निकामी झाला. १८५७मध्ये ते पुन्हा आशेवर होते, पण विधिमंडळात त्यांना एकही मत पडले नाही. जानेवारी १८५८मध्ये ह्यूस्टनमधल्या हॉटेलात त्यांनी आत्महत्या केली. ती इमारत म्हणजे प्रजासत्ताकाचे एकेकाळचे विधानभवन. त्याच वर्षी एका नव्या काउंटीला जोन्स यांचे नाव देण्यात आले. तिचे मुख्य ठिकाण आजही अँसन या नावानेच ओळखले जाते.