ट्रकच्या टर्बोतून जेट : एका हौसेची पूर्वपीठिका

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. साहजिकच तिथे ट्रकची गॅरेजं, लेथवाले आणि भंगारवाले यांची वानवा नाही. जळगाव-भुसावळकडेही तेच. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारं यंत्र. त्याचा शाफ्ट ढिला झाला किंवा तो तेल गळू लागला की फिटर तो उतरवतो, नवा बसवतो आणि जुना भंगारात जातो. साधं जेट इंजिन स्वतः करून पाहायचं असेल, तर नवख्या माणसाला सर्वांत जवळची वाट याच भंगारातून जाते. टर्बो आणि जेट एकाच घराण्यातले आहेत, आणि हे नातं समजलं की पुढच्या बऱ्याच अडचणी आधीच कळतात.

वायू-टर्बाइनची कल्पना फार जुनी. इंग्लंडमध्ये जॉन बार्बरने १७९१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. घोडं अडलं ते हिशेबात. हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि त्या गरम वायूवर टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायचं. पण टर्बाइनने कमावलेल्या शक्तीतला साधारण दोन-तृतीयांश वाटा हवा दाबणारं चाक, म्हणजे कॉम्प्रेसरच, खाऊन टाकतो. दोन्ही चाकं जरा जरी कमी प्रतीची असली, तरी हातात काहीच उरत नाही. नॉर्वेच्या एगिडियस एलिंगने १९०३ मध्ये स्वतःचा खर्च भागवून वर थोडी शक्ती देणारं टर्बाइन चालवून दाखवलं. उरली फक्त ११ अश्वशक्ती. मला ती फार मोठी वाटते, कारण शंभराहून अधिक वर्षांची उधारी तिथे पहिल्यांदा फिटली.

त्याच सुमारास दुसरी फांदी फुटली. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशीने इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर टर्बाइन फिरवून आत जास्त हवा कोंबण्याचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात विमानं उंचावर गेली की विरळ हवेत इंजिनं दमायची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचं इंजिन पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर नेलं. समुद्रसपाटीच्या जवळपास सुमारे ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३०च्या आसपास उतरलं, आणि टर्बो जोडताच पुन्हा ३५०च्या वर गेलं. आपल्याकडे २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि मालट्रकवर टर्बो सर्रास दिसू लागला. त्यात चाललेलं काम हेच.

आता जेट, म्हणजे टर्बाइनमधून मागे सुटणाऱ्या गरम वायूच्या झोताने पुढे ढकलणारं इंजिन. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्रँक व्हिटलने १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायला सरकार तयार नव्हतं, त्याच्याकडेही नव्हते, आणि पेटंट गेलं. तरी १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी इथल्या कारखान्यात त्याचं इंजिन सुरू झालं. सुरू झालं ते थांबेना. इंधनाची कळ बंद केली तरी आत साचलेलं इंधन जळत राहिलं, वेग चढत गेला आणि आजूबाजूचे लोक पळाले.

जर्मनीत हान्स फोन ओहाइनची गोष्ट तर थेट आपल्या गॅरेजांशी नातं सांगणारी आहे. ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या या तरुणाने आपली गाडी जिथे दुरुस्तीला द्यायचा त्या गॅरेजातल्या माक्स हान या मेकॅनिकला हाताशी धरलं आणि जेटचं पहिलं मॉडेल तिथेच बनवून घेतलं. ते स्वतःच्या बळावर चाललं नाही. इंधन ज्वलनकक्षात पुरतं न जळता मागून ज्वाळा यायच्या. पण प्राध्यापक पोल यांनी विमानं बनवणाऱ्या हाइंकेलला पत्र लिहिलं आणि १९३६ मध्ये ओहाइनसोबत हानलाही तिथे काम मिळालं. ज्वलनाचं कोडं बाजूला ठेवण्यासाठी ओहाइनने पुढचं इंजिन आधी हायड्रोजनवर चालवलं, कारण वायूला बाष्प होण्याची वाट पाहावी लागत नाही. २७ ऑगस्ट १९३९ रोजी हाइंकेलचं ‘हे-१७८’ नावाचं विमान उडालं. ते जगातलं पहिलं टर्बोजेट विमान.

१९४१ मध्ये व्हिटलचं इंजिन अमेरिकेला पोहोचलं तेव्हा ते जनरल इलेक्ट्रिकच्या हाती देण्यात आलं. टर्बोचा इतका अनुभव दुसऱ्या कुणाकडे होता? व्हिटलचा कॉम्प्रेसरही केंद्रोत्सारी, म्हणजे मध्यातून हवा घेऊन कडेला फेकणारा. ट्रकच्या टर्बोचं चाक हाती घेतलं तर तोच आकार दिसतो.

आणखी एक शाखा आहे, पल्सजेटची. जर्मनीचा व्ही-१ हा उडता बॉम्ब १९४४ मध्ये लंडनवर पडू लागला, तो याच इंजिनावर. नळीत सेकंदाला ४५ च्या आसपास धडाके, आत फिरणारा एकही भाग नाही. नवख्याला म्हणूनच त्याचा मोह पडतो. मी मात्र टर्बोच सुचवेन. पल्सजेटचा आवाज कान निकामी करण्याइतका असतो, आणि कॉम्प्रेसर-टर्बाइनची जोडी, म्हणजे जेटचा गाभाच, त्यात नसतो.

हौशी लोकांनी हे सगळं छोटं केलं ते १९८०च्या दशकापासून. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने कार्बन तंतूने मजबूत केलेलं प्लायवुडचं कॉम्प्रेसर चाक वापरून मॉडेल विमानाचं इंजिन चालवलं आणि कृती सर्वांना खुली केली. पुढे आलेल्या केजे-६६ या प्रसिद्ध आराखड्यात ६६ मिलिमीटरचं टर्बोचंच चाक आलं. ज्यापायी एलिंगच्या आधीचे लोक हरले, ती अचूक चाकं आता तयार मिळतात.

मग आपल्या हाती बनवायचं काय उरतं? ज्वलनकक्ष, आणि नेमकं तिथेच व्हिटल आणि ओहाइन दोघेही अडले होते. कॉम्प्रेसरमधून येणारी हवा इतकी वेगवान असते की ज्योत विझून जाते. म्हणून भोकं पाडलेली आतली नळी, फ्लेम ट्यूब, लागते. पुढच्या भोकांतून आलेल्या थोड्या हवेत इंधन जळतं आणि मागून येणारी बरीचशी हवा तो वायू टर्बाइनला सोसेल इतका थंड करते. सुरुवात गॅसवर करावी, डिझेलवर नंतर. ओहाइनने हायड्रोजन निवडला त्याच कारणाने. घरगुती सिलिंडर मात्र यासाठी वापरायचा नाही, तो नियमात बसत नाही. बेअरिंगला दाबाने तेल पाहिजेच, आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ तेल फिरत ठेवायचं, नाहीतर टर्बाइनची उष्णता बेअरिंगमध्ये उतरून तेल करपतं.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. टर्बोचं चाक लाखाच्या घरात जाऊ शकतं. ते फुटलं तर तुकडे चाकाच्या प्रतलात बाहेर उडतात, म्हणून त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मध्ये जाड पोलादी आडोसा ठेवायचा आणि पहिली चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जाणत्या शिक्षकांसमोर घ्यायची.

चाचणीसाठी मे महिना टाळावा. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला की हवा १५ अंशांच्या मानाने साधारण दहाव्या भागाने विरळ होते. तेवढ्याच इंधनाला कमी हवा मिळते आणि टर्बाइन जास्त तापतं. डिसेंबरातली सकाळ निवडली तर तेच इंजिन कमी तापून सुरळीत सुरू होण्याची शक्यता जास्त.